'अनैतिक' हा शब्द खुनाला का लागत नाही?

परवा एक बातमी वाचली, 'अनैतिक संबंधातून खून'. अशा बातम्या आपण सगळ्यांनीच ढिगाने वाचल्यात, पण यावेळी मी तिथेच अडकलो, कारण एका माणसाचा जीव गेलाय आणि अख्ख्या बातमीत 'अनैतिक' हा शब्द फक्त संबंधांना लावलाय, खुनाला एकदाही नाही. खून 'निर्घृण' होता, पण अनैतिक नव्हता! कामगारांचा पगार बुडवणारा आपल्या लेखी लबाड असतो, औषधात भेसळ करणारा नराधम असतो, 'अनैतिक' मात्र आपण राखून ठेवलाय तो कोण कोणाबरोबर राहतं आणि कोण काय कपडे घालतं यासाठी.

याचं मूळ थोडंफार शब्दातच आहे. 'नीती' आली संस्कृत 'नी' धातूवरून, नी म्हणजे नेणे, वाट दाखवणे. म्हणून तर रणनीती, कूटनीती हेही शब्द चालतात आणि त्यात चांगलं-वाईट काही नसतं. इंग्रजीतल्या 'मोरॅलिटी'चं तर अजूनच गंमतीशीर आहे. लॅटिनमध्ये 'मोरेस' म्हणजे चालीरीती. ग्रीक 'एथिकोस'ला लॅटिन शब्द हवा म्हणून रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात 'मोरालिस' असा शब्द घडवला. म्हणजे रीत आणि नीती यांची गल्लत तिकडेही जुनीच.

त्यात आजही हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. 'गुलामगिरी त्या काळच्या नैतिकतेत बसत होती' आणि 'गुलामगिरी तेव्हाही अनैतिकच होती', ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. पहिल्यात नैतिकता म्हणजे एखाद्या समाजाने मानलेले नियम, नुसतं वर्णन. दुसऱ्यात ती मोजपट्टी आहे, जिच्यावर ते नियमसुद्धा तपासता येतात. नैतिकतेवरचे निम्मे वाद हे एक जण पहिल्या अर्थाने आणि दुसरा दुसऱ्या अर्थाने बोलत असतो म्हणूनच होतात असं माझं मत आहे.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते. आपण मोठी माणसं जी गल्लत करतो ती लहान मुलं करत नाहीत. एलियट ट्यूरिएल नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकापासून मुलांना अगदी साधे प्रश्न विचारले. एका मुलाने दुसऱ्याला मारलं, हे चूक का? मूल म्हणतं, चूक. शाळेत कपडे काढले, चूक का? तेही चूक. इथपर्यंत दोन्ही सारखंच. खरी मेख पुढच्या प्रश्नात आहे: समजा एक शाळा आहे जिथे याला परवानगी आहे, मग चालेल? 1980च्या एका अभ्यासात 5 ते 11 वर्षांच्या मुलांना हे विचारलं तेव्हा कपड्यांबद्दल बहुतेकांनी सांगितलं की त्या शाळेचा नियमच तसा असेल तर ठीक आहे. मारण्याबद्दल मात्र बहुतेक मुलं म्हणाली की शाळेने असा नियम करणंच चूक आहे. म्हणजे ज्या वयात शाळा सांगेल ती पूर्व दिशा असं आपल्याला वाटतं, त्या वयात मूल शाळेच्याच नियमाला चूक ठरवतंय! बालवाडीच्या वयाच्या मुलांमध्येही हा फरक, थोडा कच्चा, पण दिसतो.

हे त्यांना कळतं कसं? लॅरी नुची आणि ट्यूरिएल यांनी 1978मध्ये बालवाडीतली भांडणं नुसती बसून बघितली. कुणी कुणाला मारलं की ज्याला लागलं ते मूल रडतं, ओरडतं, बाकीची मुलं मध्ये पडतात, मग मोठं माणूस येतं. पण कुणी रीत मोडली, म्हणजे चुकीच्या जागी बसलं वगैरे, तर मुलांना त्याचं जवळजवळ काहीच वाटत नाही, बोलतात त्या फक्त बाई. म्हणजे दोन्ही वेळा 'चूक' हाच निरोप येतो, पण पाठवणारा वेगळा असतो, एकदा तो समोरच्याच्या रडण्यातून येतो आणि एकदा फक्त अधिकारातून, आणि मुलाच्या डोक्यात या दोन वह्या वेगळ्या राहतात, म्हणून अधिकाऱ्याने नियम मागे घेतला की दुसऱ्या वहीतलं पान फाटतं, पहिल्या वहीतलं फाटत नाही.

इथे लगेच 'बाळ जन्मतःच नीतिमान असतं' म्हणून फॉरवर्ड फिरतात तसं मात्र समजू नका. 2007मध्ये एक प्रयोग प्रचंड गाजला, टेकडी चढू पाहणाऱ्या ठोकळ्याला एक ठोकळा मदत करतो आणि दुसरा अडवतो असा खेळ दाखवला की 6 आणि 10 महिन्यांची बाळं मदत करणारा ठोकळा निवडतात असा, पण पुढे अनेक प्रयोगशाळांनी मिळून हजाराच्या आसपास बाळांवर तो पुन्हा केला तेव्हा मदत करणाऱ्याला निवडणारी बाळं निम्मीच निघाली. नाणं उडवल्यासारखंच.

ट्यूरिएलच्या मांडणीलाही मोठा धक्का बसला, आणि तो भुवनेश्वरमध्ये. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी 1987मध्ये तिथल्या आणि शिकागोतल्या लोकांची मतं तपासली. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, विधवेने मासे खाल्ले, हे तिथल्या लोकांना नुसतं रीतीविरुद्ध वाटलं नाही, घोर चूक वाटली, कुठेही आणि कुणालाही लागू होणारी. मग दोन वह्या वगैरे सगळं खोटं? ट्यूरिएलने उत्तर दिलं की लोक तसं का म्हणतात ते बघा. विधवेने मासे खाल्ले की तिचा तोल जाईल आणि गेलेल्या नवऱ्याच्या आत्म्याला त्रास होईल, असा तिथे समज होता. म्हणजे 'कुणाला तरी इजा होते' हा निकष तोच, फक्त इजा कुणाला होते याची माहिती वेगळी. वाद अजून मिटलेला नाही, पण मला हे उत्तर बऱ्याच अंशी पटतं. आणि अंधश्रद्धा नुसती निरुपद्रवी समजूत का नसते तेही इथे दिसतं, ती एक काल्पनिक जखमी माणूस उभा करते आणि त्याच्या नावाने एका जिवंत बाईचं ताट काढून घेते.

त्या बातमीला मी हाच प्रश्न लावून बघितला. सगळ्यांनी परवानगी दिली तर चालेल? संबंधांबद्दल उत्तर 'बघावं लागेल' असं येतं, कुणाची फसवणूक झाली का, कुणावर जबरदस्ती झाली का, हे विचारावं लागतं आणि ते त्या बातमीत कुठेच नव्हतं. खुनाबद्दल काहीच विचारावं लागत नाही.