‘गिव्ह अप’मधला ‘अप’ आला कुठून?

इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठातल्या बखरीत ११३७ सालाखाली एक नोंद आहे. राजा स्टीफनने ऑक्सफर्डला सभा भरवली, सॉल्झबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर वगैरेंना पकडलं आणि किल्ले स्वाधीन करेपर्यंत कैदेत ठेवलं. ‘स्वाधीन करेपर्यंत’ यासाठी बखरकाराने जे क्रियापद वापरलंय, त्याचा उच्चार साधारण ‘याव्हन उप’ असा. हेच आजचं ‘गिव्ह अप’, त्याच्या अगदी जुन्या लेखी रूपांपैकी एक.

त्याआधीच्या इंग्रजीत हा अर्थ क्रियापदाला उपसर्ग जोडून सांगत. पुढे उपसर्गांचा जोर ओसरला. दरम्यान पूर्व आणि उत्तर इंग्लंडात वस्ती केलेल्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेल्या) लोकांच्या बोलीत ‘गेफा उप्प’ होतंच, आणि पीटरबरो त्याच पट्ट्यातलं. ‘गिव्ह’मधला ठसठशीत ‘ग’सुद्धा त्यांच्याच प्रभावाचा मानतात, बखरीत अजून ‘य’च आहे.

म्हणजे मूळ अर्थ ताबा सोडून देण्याचा. आधी किल्ला, मग हक्क, जागा. १६११ च्या इंग्रजी बायबलात प्राण (‘गेव्ह अप द घोस्ट’). पुढे सवय, प्रयत्न, आशा. ‘अप’ इथे दिशा दाखवत नाही. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांच्याप्रमाणेच काम पुरतं झाल्याचं तो सांगतो.

क्रियापदाला ‘अप’सारखा छोटा शब्द जोडून झालेली अशी क्रियापदं परक्यांना सर्वांत जड जातात, हे सॅम्युअल जॉन्सनने आपल्या १७५५ च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं. त्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र लेखक लोगन पिअर्सल स्मिथने १९२५ साली छापलं, तेही कोशकार हेन्री ब्रॅडलीच्या सुचवण्यावरून.

वापरताना तो किल्ला डोळ्यांपुढे ठेवावा. जे सोडायचं ते कर्म, म्हणून तिथे नामच बसतं: ‘गेव्ह अप स्मोकिंग’ बरोबर, ‘गेव्ह अप टू स्मोक’ चूक. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये येतं, ‘गिव्ह इट अप’. आघात ‘अप’वर पडतो आणि ‘इट’ला तो पेलत नाही, म्हणून ‘गिव्ह अप इट’ कानाला खटकतं. एखाद्या माणसाकडून आशाच सोडली, तर ‘ऑन’ हवा: ‘डोन्ट गिव्ह अप ऑन हिम’. ‘ऑन’ गाळून ‘गिव्ह हिम अप’ म्हटलं, तर त्याला पोलिसांच्या हवाली करणं असाही अर्थ निघतो. आणि समोरच्याच्या दबावापुढे, मागणीपुढे नमायचं असेल, तर ‘गिव्ह इन टू’.