खरेदीदार बदलले, गोदामाचं काय?

सरकारी रुग्णालयात आजही नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी येते: 'औषधं बाहेरून आणा'. महाराष्ट्रात या चिठ्ठीमागे बराच इतिहास आहे.

1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल हे औषध दिलेले 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुढे निविदांपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांचीच झाडाझडती घेतली. रुग्णालयातली खरेदी हा जिवावर बेतणारा विषय आहे, हे तेव्हा साऱ्या राज्याला कळलं.

यावरचा टिकाऊ तोडगा निघाला तो मात्र तामिळनाडूत. तिथे 1994 मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी औषधं खरेदी करणारं वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झालं. घाऊक खरेदी आता बऱ्याच ठिकाणी होते. पण या महामंडळाची खरी करामत गोदामात होती. जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम उभं राहिलं. आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना उत्पादकाचं नाव झाकून प्रयोगशाळेत जाई आणि अहवाल येईपर्यंत माल हलत नसे. रुग्णालयाला रोख पैशांऐवजी पासबुक मिळे. वर्षाला अमुक रकमेची औषधं उचलायची. जेवढी उचलली तेवढी रक्कम पासबुकातून वजा. त्यामुळे नको ती औषधं उचलून मुदतबाह्य होईपर्यंत कपाटात ठेवण्याचा मोह आपोआप कमी झाला. पुढे केरळ, राजस्थानने हाच कित्ता गिरवला.

महाराष्ट्रात आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे विभाग आपापली खरेदी करत राहिले. 2017 मध्ये ती एकत्र करून हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली. हाफकिनची हयात लस आणि सर्पदंशावरची औषधं बनवण्यात गेलेली. हजारो वस्तूंच्या निविदा काढणं हा त्यांचा पिंडच नव्हे. मागणी, निधी, निविदा, पुरवठा या साखळीत कुठे ना कुठे गाडी अडायची आणि रुग्णालयं स्थानिक खरेदीवर दिवस काढायची.

अखेर 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाल्याची बातमी आली. औषधटंचाईचा आरोप झाला, सरकारने तो फेटाळला. चर्चा पुन्हा खरेदी कोणी करायची, यावरच रंगली. माल ठेवायचा कुठे, तपासायचा कोणी आणि वॉर्डातला साठा संपत आल्याचं वर कळायचं कसं, हे प्रश्न मागेच पडले.