मॅग्नम: गोळीला किती, मनगटाला किती?

.३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जास्त जोराचं काडतूस) ही रिव्हॉल्व्हरची दोन काडतुसं. शेजारी उभी केली तर त्यांच्या पितळी पुंगळ्यांच्या उंचीत साडेतीन मिलिमीटरांचाही फरक भरत नाही. जाडी सारखीच. गोळीचा व्यासही दोन्हीकडे तोच, सुमारे ९.०७ मिलिमीटर. (म्हणजे .३८ ची गोळी .३८ इंचाची नसतेच. बंदुकांच्या धंद्यातली नावं आडनावांसारखी असतात, त्यांचा अर्थ शोधत बसू नये.) मग मॅग्नमची पुंगळी लांब का केली? जास्त दारू मावावी म्हणून, असं वाटेल. पण .३८ स्पेशल जन्मलं काळ्या दारूच्या जमान्यात. नवी, बिनधुराची दारू थोडीच लागते, त्यामुळे त्या पुंगळीत जागा उरतच होती. लांबी वाढवली ती मॅग्नम काडतूस चुकूनही जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये म्हणून. उलट मात्र चालतं: .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ खुशाल घाला. अमेरिकेत मॅग्नम रिव्हॉल्व्हर निवडायला निघालेल्या माणसाने आधी हे ध्यानात घ्यावं, बाकीच्या गोष्टी नंतर.

खबरदारी घ्यायचं कारण होतं दाबाचं. .३८ स्पेशलची मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड, .३५७ मॅग्नमची ३५,०००. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत साधारण २ वातावरणांचा दाब असतो. मॅग्नम काडतूस बसतं त्या खोबणीत बार होताना क्षणभर जवळजवळ २,४०० वातावरणांचा. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३५ साली हे रिव्हॉल्व्हर काढलं आणि पहिलं एफबीआयचे प्रमुख एडगर हूव्हर यांना भेट दिलं. १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम आलं. त्यामागे आयडाहोचे रँचवाले शिकारी एल्मर कीथ यांचा वर्षानुवर्षांचा हट्ट होता. कीथ यांनी आधी .४५ मध्ये जादा दारू भरून बघितली आणि रिव्हॉल्व्हर फोडून घेतलं. कारण साधं आहे. सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता दंडगोल) तेवढंच ठेवून भोक मोठं केलं की भिंत पातळ होते, आणि तोच दाब पातळ भिंतीला जास्त ताणतो. .४४ चं भोक जरा लहान, भिंत जरा जाड. म्हणून कीथ .४५ सोडून .४४ कडे वळले.

आता दणक्याचं गणित. गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये सांगतात आणि आपले लोक तिथेच अडखळतात. अडखळायचं कारण नाही, कारण सराफाचा तोळा १८३३ मध्ये इंग्रजांनी १८० ग्रेनांचाच ठरवला होता. .३५७ ची नेहमीची गोळी १५८ ग्रेन, म्हणजे साडेदहा मासे. .४४ ची २४० ग्रेन: एक तोळा चार मासे. एवढीशी गोळी सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या आसपास वेगाने पुढे निघते, आणि संवेग (वजन गुणिले वेग) राखला गेलाच पाहिजे म्हणून रिव्हॉल्व्हर तेवढ्याच संवेगाने मागे येतं. त्यात जळालेल्या दारूच्या वायूचीही भर पडते.

पण मनगटाला कळते ती ऊर्जा. संवेग तेवढाच असेल तर मागे येणाऱ्या वस्तूची ऊर्जा तिच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं छोटं .३५७ जेमतेम ३३५ ग्रॅमचं भरतं, तर सहा इंची नळीचं पोलादी रिव्हॉल्व्हर सव्वा किलोच्या आसपास. काडतूस एकच, तरी हलक्याचा तडाखा साडेतीन पटींहून जास्त. दुकानात तळहातावर तोलताना 'वा, किती हलकं!' म्हणणारा गिऱ्हाईक चांदमारीवर दुसऱ्याच बाराला डोळे मिटून चाप ओढू लागतो. पुढचा धक्का येणार हे शरीराला ठाऊक असतं, म्हणून हात आधीच खाली दबतो. हे भित्रेपणाचं लक्षण नव्हे, आणि सरावाने ते कमी होतं. मात्र तो सराव हलक्या काडतुसांनी करावा लागतो. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक गंमत होते. दर हिसक्याला उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या जडत्वामुळे जागेवरच राहू बघतात, पुंगळीतून थोड्या पुढे सरकतात, आणि एखादी इतकी बाहेर येते की सिलिंडर फिरेनासं होतं.

तेव्हा अंगावर बाळगण्यासाठी दोन इंची नळीत मॅग्नम भरणं हा मला बराचसा तोट्याचा सौदा वाटतो. दारू पुरती जळायच्या आत गोळी नळीबाहेर पडलेली असते. उरलेली दारू तोंडाशी पेटते, अंधारात डोळे दिपतात, आणि आवाज कान कायमचे अधू करण्याइतका असतो. गोळीचा वेग त्या मानाने फारसा वाढत नाही. तिथे लहान रिव्हॉल्व्हरमध्येही .३८ च शहाणपणाचं. शिवाय सिलिंडर आणि नळी यांच्यात एक-दोन दशांश मिलिमीटरांची फट असतेच, नाहीतर सिलिंडर फिरणार कसं? त्या फटीतून तापलेला वायू बाजूला पिचकारीसारखा सुटतो. पिस्तुलाला अशी फट नसते; त्याच्या सवयीने तिथवर बोट नेलं तर बोट चिरतं. १९८३ मध्ये रूगर कंपनीने आणखी लांब पुंगळीचं .३५७ मॅक्सिमम काढलं, तेव्हा याच पिचकारीने सिलिंडरवरच्या पोलादी पट्टीला चर पडू लागले आणि ते रिव्हॉल्व्हर लवकरच बंद झालं.

शिकारीत पारडं फिरतं. (हे अमेरिकेपुरतंच. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि सामान्य परवान्यावर बहुतेकदा मिळतं ते .३२.) पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी .४४, सहा-साडेसात इंची नळी, भरपूर वजन, हवी तर वर दुर्बीण. इथे दिवसभरात एखादाच बार काढायचा असतो, त्यामुळे हिसका सोसता येतो. खरी मर्यादा अंतराची. सरळ धरलेल्या नळीतून निघालेली गोळी ५० मीटरवर चार बोटं खाली येते, १०० मीटरवर दीड वीत. अंतर दुप्पट, पडणं चौपटीहून जास्त. धोतऱ्यासारखी उमलणारी पोकळ टोकाची गोळी जाड हाडाशी लवकर थांबते, म्हणून मोठ्या जनावराला जड आणि कठीण गोळी वापरतात. अस्वलांच्या मुलखासाठी २००३ मध्ये .५०० मॅग्नम आलं. त्याचं मोठं रिव्हॉल्व्हर दोन किलोंच्या पुढे जातं आणि सिलिंडरमध्ये पाचच गोळ्या मावतात.

नेमबाजीत मॅग्नमला मोठ्या स्पर्धांत दारच बंद आहे. आंतरराष्ट्रीय नियम मॅग्नम काडतुसं चालू देत नाहीत. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते .२२ ने. मॅग्नमचा खेळ वेगळा. त्यात लक्ष्यं म्हणजे प्राण्यांच्या आकाराचे पोलादी पत्रे: कोंबडी, डुक्कर, टर्की आणि २०० मीटरवर मेंढा. नुसतं लागून भागत नाही, मेंढा आडवा व्हावा लागतो, आणि तिथे गोळीचा संवेग उपयोगी पडतो. कागदी लक्ष्यावर मात्र लांब नळीचा फायदा निराळाच. नेम धरायची, नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांच्यात २० सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर नेम साडेबारा सेंटिमीटर चुकतो. अंतर निम्मं असेल तर चूक पाव मीटर.

एकच घ्यायचं असेल तर माझं मत चार ते सहा इंची, पोलादी, जड .३५७. रोज त्यात .३८ ची सपाट तोंडाची गोळी चालवावी. ती कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पाडते. दोन-तीनशे बारांनंतर मात्र मॅग्नम काडतूस भरायला गेलात तर ते आत शिरता शिरता अडकेल. आखूड पुंगळी जिथे संपते तिथे काजळीचं कडं बसलेलं असतं, नेमकं त्या साडेतीन मिलिमीटरांत. पितळी ब्रशने सहाही खोबणी घासायच्या, आणि मग भरायचं.