हवाई अंतर व उड्डाणकाळ (नागपूर–मुंबई)

दोन विमानतळांच्या संदर्भबिंदूंमधील (विमानतळाचे स्थान दर्शवणाऱ्या ठरावीक बिंदूंमधील), भूपृष्ठालगत मोजलेल्या लघुतम अंतरास हवाई अंतर म्हणतात. नागपूर–मुंबई हे अंतर सुमारे ६८३ किमी. (३६९ सागरी मैल) असून भुसावळमार्गे जाणारा लोहमार्ग सुमारे ८३७ किमी. लांबीचा आहे.

देशातील सर्व अंतरे विधानभवनाजवळील झिरो माइल स्तंभापासून मोजली जात, असे नागपुरात सर्रास सांगितले जाते. परंतु स्तंभापाशी कोरलेला १०२०.१७१ फूट हा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा पाहता, त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील (त्रिकोणांच्या साहाय्याने केलेल्या देशाच्या मोजणीतील) उंचीमापनाशी त्याचा संबंध जोडणारे मत अधिक ग्राह्य वाटते. स्तंभाचा उगम कोणताही मानला, तरी हवाई अंतराशी त्याचा संबंध नाही. ते सोनेगाव येथील विमानतळाच्या, म्हणजे स्तंभापासून सुमारे ७ किमी. नैर्ऋत्येस असलेल्या संदर्भबिंदूपासून मोजतात. पृथ्वी पूर्ण गोल मानून काढलेले उत्तर आणि १९९८ पासून नागरी विमानवाहतुकीत प्रमाण ठरलेल्या, ध्रुवांशी किंचित चपट्या लंबगोलावरचे उत्तर यांत या मार्गावर जेमतेम किलोमीटरभराचा फरक पडतो.

वेळापत्रकात मात्र साधारणतः दीड तासाच्या आसपासचा वेळ दिलेला असतो. ताशी ८०० किमी. वेगाने हेच अंतर सुमारे ५१ मिनिटांत संपावे; उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाणे, चढण, उतरण आणि मुंबईच्या गर्दीत उतरण्याची पाळी येईपर्यंत घातलेल्या घिरट्या यांत जातो. हिवाळ्यात उंचावरील पश्चिमी वाऱ्यांमुळे मुंबईहून नागपूरला येताना वेळ वाचतो, तर परतीला तो वाढतो. ताशी ५० किमी. वारा पाठीशी असता ४८ आणि समोरून असता सुमारे ५५ मिनिटे, एवढा हा फरक असतो. पावसाळ्यात उंचावर पूर्वेकडील वारे असतात, त्यामुळे हा लाभ बहुधा उलटतो.

नागपूरपासून दिल्ली सुमारे ८५०, चेन्नई ९०५ आणि कोलकाता ९८५ किमी.वर आहे. चारही महानगरे हजार किलोमीटरच्या आत असल्यामुळेच जानेवारी १९४९ अखेरीस सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेसाठी हे शहर निवडले गेले. चार दिशांची विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्यांची आपसात अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूरच्या हवाई इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण असूनही शहराच्या वर्णनांत त्याला पुरेशी जागा मिळत नाही, ही उणीवच म्हणावी लागेल. सेवा १९७० च्या दशकात थांबली असावी. मुंबई–कोलकाता व दिल्ली–चेन्नई या मार्गांवरील विमाने आजही नागपूरच्या आसमंतातून जातात.