हा लाँगची डे क्रूझ: गाइड माईकवर दोन मिनिटांत उरकतो त्याच्या मागचं

लातूर-नांदेडकडची मंडळी आता सुट्टीत व्हिएतनामला निघतात, काश्मीर-केरळ झालं की पुढचं तेच, अन् पॅकेजमधी एक दिवस ठरलेला असतोच. हनोईहून बसनं ‘हा लाँग बे’ या बेटांनी भरलेल्या खाडीला, बोटीवर जेवण, एखादी गुहा, थोडं कयाकिंग, एका बेटावर चढाई, संध्याकाळी परत. ग्रुपवर फोटो लई येतात. पण बोट जिथंजिथं थांबते त्या जागांची नावं कोणी अन् कधी ठेवली हे बघितलं तर गंमत आहे, जो आला त्यानं आपलं नाव चिकटवलं.

आधी दगड. आपल्याकडचा काळा फत्तर म्हणजे लाव्हा थिजून झालेला, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तिकडचा चुनखडीचा, जुन्या समुद्राच्या तळाशी शिंपले-प्रवाळ साठून साठून झालेला, 25 कोटी वर्षांच्याही मागचा. अन् चुनखडी कशी वागते ते बघायला व्हिएतनामला जायची गरज नाही, घरातल्या शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं अन् पुसायचं राहिलं की पांढरट डाग पडतो अन् आई ओरडते, तेच ते. शहाबादी म्हणजे चुनखडीच. पावसाचं पाणी हवेतला अन् मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, भेगांतून खाली उतरत राहतं, तो लिंबाचा डाग लाखो वर्षं वाढत गेला की त्याची गुहा होते. वेरूळला माणसांनी छिन्नी-हातोड्यानं केलं ते तिकडं पाण्यानं केलं, फक्त मूर्ती तेवढ्या नाहीत.

समुद्र तर सगळ्यात शेवटी आला. हिमयुगात पाणी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होतं, तेव्हा हे डोंगर कोरड्या जमिनीवर उभे होते, मग बर्फ वितळलं, पाणी चढलं अन् सात-आठ हजार वर्षांपूर्वी सगळं बुडून फक्त शेंडे वर राहिले. जायकवाडी भरल्यावर नाथसागरात टेकाडांची बेटं झाली तसंच, फक्त इथं बेटं 1,600 च्या आसपास. पाण्याच्या रेषेला प्रत्येक बेट खालून खाल्लेलं दिसतं, ते काम अजून चालूच आहे.

आता नावं. हा लाँग म्हणजे उतरणारा ड्रॅगन, शत्रू समुद्रातून आला तेव्हा ड्रॅगननं तोंडातून रत्नं टाकली अन् त्यांची बेटं झाली अशी लोककथा. कथा असली तरी शत्रू खरेच आले होते. जवळच्या बाख डांग नदीत 938 साली न्गो क्वेन या व्हिएतनामी सेनापतीनं चिनी फौजेला अडवलं, मग 1288 साली त्रान हुंग दाओ या दुसऱ्या व्हिएतनामी सेनापतीनं मंगोल बादशहा कुबलाई खानाच्या आरमाराला तिथंच, त्याच युक्तीनं. नदीच्या तळात टोकदार खांब रोवून ठेवायचे, भरतीला ते दिसत नाहीत, शत्रूला आत ओढून आणायचं, ओहोटी लागली की त्याची जहाजं खांबांवर अडकून फुटतात. साडेतीनशे वर्षांनी तीच युक्ती परत चालली हे मला तर लई भारी वाटतं. त्यातलीच उरलेली लाकडं एका गुहेत ठेवली होती म्हणे, म्हणून तिचं नाव दाऊ गो, लाकडांची टोकं.

बहुतेक बोटी जिथं थांबतात ती सुंग सोट ही मोठी गुहा. ते नाव व्हिएतनामवर फ्रेंचांचं राज्य होतं त्या काळातलं, 1901 मधी ते आत शिरले अन् म्हणाले आश्चर्यांची गुहा, व्हिएतनामी नावाचा अर्थही तोच. फ्रेंच काही देखावा बघायला आले नव्हते म्हणा, किनाऱ्यावरच्या ‘होन गाई’ या गावचा कोळसा त्यांना पाहिजे होता, इथल्या क्वांग निन्ह भागात अजूनही कोळसा निघतोच.

अन् पायऱ्या चढून फोटो काढतात ते ती टॉप बेट. ऐकायला अस्सल व्हिएतनामी, पण हे तितोव! अंतराळात पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा दुसरा माणूस, रशियन घेरमान तितोव, 1962 मधी तेव्हाचे उत्तर व्हिएतनामचे अध्यक्ष हो ची मिन्ह यांच्यासोबत इथं आला होता, त्याच्या नावानं बेट.

युनेस्कोनं 1994 मधी जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते देखणेपणासाठी, दगडांच्या जडणघडणीसाठी परत 2000 मधी, अन् 2023 ला शेजारचा कात बा हा बेटांचा समूह जोडला. मग गर्दी, मग नियम. 2012 मधी सगळ्या टूरिस्ट बोटी पांढऱ्या रंगवायला लावल्या, जुन्या लाकडी बोटींची शान गेली असं बऱ्याच जणांचं म्हणणं अन् मलाही ते पटतं. 2014 मधी पाण्यावर तरंगणाऱ्या वाड्यांतल्या कोळ्यांना किनाऱ्यावर हलवलं, त्यामुळं आज बोटीवरून ‘तरंगतं गाव’ म्हणून दाखवतात त्यात राहणारं फारसं कोणी नसतं, बघायला येणारेच जास्त. अन् जुलै 2025 ला अचानक वादळात एक टूरिस्ट बोट उलटून तीसच्या वर माणसं गेली, म्हणून हवामान बघून ट्रिप कॅन्सल केली तर गाइडशी भांडू नका.

तिथं खरेदी करताना 2 लाख डाँगची नोट हातात आली तर मागून बघा, पाण्यात उभा असलेला खडक छापलाय, त्याचं नाव धूपदाणी. हे मात्र तिथल्याच लोकांनी ठेवलेलं.