वृद्धाश्रमांचे महासाथीतील व्यवस्थापन

संसर्गजन्य रोगाची महासाथ पसरलेली असताना वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्रे आणि वृद्धांची दीर्घकाळ काळजी घेणारी इतर निवासस्थाने सुरू ठेवण्यासाठी केलेली व्यवस्था. रोगप्रतिबंध, औषधोपचार, कर्मचारी, भेटीगाठी, लसीकरण असे सगळे तीत येते. येथील रहिवाशांपैकी बहुतेकांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असतो. झोपायचे सामायिक दालनात, जेवायचे एका पंगतीत, आणि अंघोळीपासून गोळ्या घेण्यापर्यंत दुसऱ्याच्या हाताची गरज. त्यामुळे ‘अंतर राखा’ हा सल्ला येथे अर्धाच पाळता येतो. कोविड-१९ च्या पहिल्या लाटेत कॅनडातील सुमारे ८० टक्के मृत्यू अशाच निवासस्थानांशी निगडित होते.

दारात ताप मोजणारी बंदूक हे या काळाचे सर्वांत परिचित दृश्य असले, तरी तिचा उपयोग मर्यादितच होता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील एका शुश्रूषा केंद्रात मार्च २०२० मध्ये सरसकट चाचण्या केल्या, तेव्हा बाधित आढळलेल्या ४८ रहिवाशांपैकी २७ जणांना त्या वेळी कसलेच लक्षण नव्हते. शिवाय म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असे नाही. अचानक भ्रमिष्टासारखे बोलणे, तोल जाऊन पडणे, अन्नावरची वासना उडणे हीच कित्येकदा पहिली खूण असते. म्हणून रोज दोन वेळा बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातील प्राणवायूची टक्केवारी दाखवणारे उपकरण) लावून आकडा वहीत लिहिणे आणि तो ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना कळवणे ही साधी शिस्त अधिक कामाची ठरते. ‘आजी कालपासून गप्प आहेत’ ही मावशींची तक्रारही त्याच वहीत हवी.

व्यवस्थापनाचा खरा कस लागतो तो कर्मचाऱ्यांच्या बाबतीत. रहिवासी घराबाहेर पडत नाहीत. विषाणू आत येतो तो बहुधा आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकीण, सफाई कामगार यांच्याबरोबर. त्यात त्यांचा दोष नसतो. तुटपुंज्या पगारामुळे एकच बाई सकाळी एका ठिकाणी आणि रात्री दुसऱ्या ठिकाणी ड्यूटी करते, आणि आजारी पडून घरी राहिली तर त्या दिवसाचे पैसे बुडतात. अशा वेळी खोकला लपवला जाणारच. भरपगारी आजारपणाची रजा, एकाच जागी काम करण्याइतका मोबदला आणि ठरावीक दालनाला ठरावीक माणसे नेमणे, हे उपाय सॅनिटायझरच्या पिंपांपेक्षा महत्त्वाचे आहेत, पण खर्चाचे असल्याने मागे पडतात. फ्रान्समधील १७ केंद्रांतील कर्मचारी स्वेच्छेने रहिवाशांबरोबर आत मुक्कामाला राहिले. त्यांपैकी एकाच केंद्रात कोविड शिरला. मात्र हा उपाय आठवड्यांपुरता आहे. महिनोन्‌महिने कोणाला घरापासून तोडून ठेवता येत नाही.

मध्य प्रदेशातील कोविडचा पहिला मोठा उद्रेक इंदूरमध्ये झाला. सुरुवातीच्या कडक टाळेबंदीत महापालिकेला किराणा घरपोच देण्याची व्यवस्था उभारावी लागली. साथीच्या काळात वृद्धाश्रमात महिनाभराची नेहमीची औषधे शिलकीत का हवीत, हे अशा टाळेबंदीत कळते. होळकरांच्या काळापासून येथे स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांतील पुढची पिढी नोकरीसाठी पुणे, बंगळूर किंवा परदेशी गेलेली, आणि रामबाग, लोकमान्यनगरसारख्या भागांत मागे आई-वडीलच. त्यामुळे वृद्धाश्रम हा येथील मराठी घरांतही आता परका विषय राहिलेला नाही. साथीत त्याला आणखी एक पैलू येतो. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा पुष्कळदा मातृभाषेकडे परततात. शुश्रूषा करणाऱ्या मावशी हिंदी किंवा माळवी बोलणाऱ्या, त्यात तोंडावर मास्क, म्हणजे ओठ पाहून समजून घेणेही बंद. दिवसातून एकदा मराठीत बोलणाऱ्या मुलीचा व्हिडिओ कॉल ही अशा ठिकाणी उपचाराइतकीच गरज होते.

भेटीबंदी हा सगळ्यांत सोपा उपाय होता, म्हणूनच तो गरजेपेक्षा लांबला. एकटेपणाने खाणे-चालणे सुटलेल्या माणसाला विषाणूपासून वाचवले एवढ्याने भागत नाही. नेदरलँड्सने मे २०२० मध्येच २६ केंद्रांत प्रत्येक रहिवाशाला ठरलेला एक पाहुणा भेटू देण्याचा प्रयोग केला. इंग्लंडमध्ये रुग्णालयांतील वृद्धांना चाचणीविना केंद्रांत परत पाठवण्याचे धोरण मात्र एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले. नव्याने आलेल्या किंवा रुग्णालयातून परतलेल्या व्यक्तीसाठी स्वतंत्र, खिडकीची खोली राखून ठेवावी लागते. भारतातल्या बहुतेक आश्रमांची अडचण तीच, कारण इमारती मोठ्या दालनांच्या असतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रम असावा असे म्हटले. साथीचा स्वतंत्र विचार त्यात नाही.

लसीने चित्र बदलले, पण आपोआप नव्हे. हाँगकाँगमध्ये २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर प्रत्येक वृद्धनिवासात संसर्ग-नियंत्रण अधिकारी नेमण्याची पद्धत आली आणि २०२० मध्ये तिचा फायदा झाला. तरी रहिवाशांचे लसीकरण कमी राहिल्याने २०२२ च्या ओमिक्रॉन लाटेत तेथे मोठी जीवितहानी झाली. भारतात साठीपुढच्यांचे लसीकरण १ मार्च २०२१ रोजी सुरू झाले, तेव्हा नोंदणीला ओळखपत्र लागे. निराधार वृद्धांकडे ते बऱ्याचदा नसते. शिवाय आश्रमापर्यंत न पोहोचलेले वृद्धही असतात. जानेवारी २०२१ मध्ये इंदूर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी बेघर वृद्धांना ट्रकमध्ये बसवून शहराबाहेर क्षिप्रेजवळ सोडल्याची चित्रफीत पसरली. गावकऱ्यांच्या विरोधानंतर त्यांना परत आणावे लागले आणि एका उपायुक्ताचे निलंबन झाले. अखेर ६ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी कार्यपद्धती जाहीर केली. तीत वृद्धाश्रमातील रहिवासी आणि रस्त्यावर भीक मागणारे या दोघांचाही उल्लेख होता.