माशीआधी तिचं घर बघा

खिडकीच्या ग्रीलपाशी एखादी माशी घोंघावायला लागली, की घरात ‘गांधीलमाशी आली!’ असा ओरडा होतो आणि कुणीतरी झाडू घेऊन धावतं. उडती माशी नीट न्याहाळता येत नाही, पण तिचं घर जागचं हलत नाही. ओळख तिथूनच पटवावी.

घर मातीचं असेल तर ती कुंभारीण. लांबलचक, काडीसारखी कंबर. काळ्या अंगावर बहुधा पिवळे पट्टे. ओल्या मातीचा गोळा तोंडात धरून ती भिंतीच्या कोपऱ्यात, पडद्यामागे, कधी प्लगच्या भोकातसुद्धा कप्पा लिंपते. असा कप्पा फोडून पाहिला, तर आत दाटीवाटीनं कोळी भरलेले आढळतात. डंख मारून लुळे केलेले, पण जिवंत! अळीला ताजं अन्न मिळावं म्हणून केलेली ही बेगमी. काही जाती कोळ्यांऐवजी सुरवंट भरतात. कुंभारीण एकटीच राहते, घराची राखण करत नाही आणि हातात पकडल्याशिवाय सहसा डसत नाही. तिला मारू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

राखाडी, कागदी, उघड्या षटकोनी कप्प्यांचं पोळं बारीक देठाला लोंबत असेल, तर ती आपली नेहमीची गांधीलमाशी. लाकडाचे तंतू चावून, लाळेत मळून ती हा कागद बनवते. तिच्यातल्या तांबूस रंगाच्या ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ या जातीचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं अभ्यास केला. हिची राणी अगदी शांत असते. तिला पोळ्यावरून काढलं, की थोड्याच वेळात एक कामकरी माशी एकाएकी आक्रमक होते. पुढची राणी तीच. पोळ्याला धक्का लागला तर मात्र या माश्या एकजुटीनं धावून येतात.

बोटाच्या पेराहून मोठी, काळपट, पोटावर एकच रुंद नारिंगी-पिवळा पट्टा असलेली माशी दिसली, तर लांबच राहा. ही मोठी गांधील झाडाच्या ढोलीत, जमिनीच्या पोकळीत बंद घर करते आणि छोट्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर धाड घालून अळ्या पळवते. तिच्या घराला धूर किंवा काठी लावू नका, जाणकाराला बोलवा.

मधमाशीसारखी गांधीलमाशीची नांगी कातडीत अडकून राहत नाही, त्यामुळे ती पुन्हापुन्हा डसू शकते. डसल्यास आधी तिथून दूर व्हा, जागा साबणानं धुवा, बर्फ लावा. श्वास अडकणं, ओठ-चेहरा सुजणं, अंगभर गांधी उठणं किंवा भोवळ येणं, यातलं काहीही झालं, किंवा बरेच डंख बसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.